‘जरा सोबर दाखवा’: उंची आवड आणि वर्ग सांगणारे आपले शब्द

कॉलेजात असताना दोन दिवाळ्या मी दादरच्या एका साडीच्या दुकानात काम केलं. बिलं करायची, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, पिशव्या भरायच्या. गादीवर बसून साड्या दाखवणारे एक काका होते. त्यांचं सगळं आयुष्य त्याच गादीवर गेलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली: “बजेट विचारायचं नाही. बाई कुठला शब्द वापरते तेवढं ऐकायचं.”

मग मीही कान देऊन ऐकायला लागले. कुणी “जरा सोबर दाखवा” म्हटलं की काकांचा हात फिक्या रंगांच्या, बारीक काठांच्या साड्यांकडे जायचा. “हेवी पाहिजे” म्हटलं की जरीने भरलेला पदर बाहेर यायचा. “रिच लुक हवाय, रिसेप्शनला आहे” म्हटलं की तिसरंच कपाट. “चारचौघींत उठून दिसंल अशी द्या” म्हणणाऱ्या बाई वेगळ्या आणि “भडक नको हं” असं दारातूनच सांगत येणाऱ्या वेगळ्या. दुकानात एक गडद हिरवी, लाल काठांची साडी होती. काका ती एकीला “ट्रॅडिशनल आहे” म्हणून दाखवत, दुसरीला “उठून दिसते बघा” म्हणून. भडक नको म्हणणाऱ्या बाईंसमोर ती खालीच घेत नसत. साडी तीच, किंमतही तीच. ‘भडक’ आणि ‘उठून दिसणारी’ यांत कापडाचा काही फरक नव्हता. फरक होता तो बोलणारी बाई कुठे वाढली, कुणात ऊठबस करते आणि तिला कुणासारखं दिसायचंय, याचा.

वर्ग सांगणाऱ्या शब्दांची ही पहिली ओळख. पॉश, हायफाय, उच्चभ्रू, डाउनमार्केट, चिंधी, गावठी, छपरी, काकूबाई असे शब्द वरवर वस्तूचं किंवा माणसाचं वर्णन करतात, पण ते उच्चारणारा स्वतः कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्याहून जास्त नेमकं सांगतात.

काकांना जे अनुभवाने कळलं होतं, ते अमेरिकेत एका भाषाशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं, आणि तेही दुकानांतच. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं निवडली. सॅक्स हे श्रीमंतांचं, मेसीज मधल्या वर्गाचं आणि एस. क्लाइन स्वस्तातलं. आपण गिऱ्हाईक आहोत असं दाखवून ते विक्रेत्यांना असा एखादा विभाग विचारत, ज्याचं उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच येईल. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवून तेच पुन्हा वदवून घेत. दोन शब्दांतल्या ‘र’ कडे त्यांचं लक्ष असे. न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत हा ‘र’ गळतो आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो स्पष्ट उच्चारणं प्रतिष्ठेचं झालं होतं. २६४ विक्रेत्यांच्या उत्तरांतून दिसलं ते असं: महागड्या दुकानात ‘र’ सर्वात जास्त ऐकू आला, मधल्यात त्याहून कमी, स्वस्त दुकानात सर्वात कमी. हे विक्रेते स्वतः काही श्रीमंत नव्हते. ज्या गिऱ्हाइकांत त्यांचा दिवस जाई, त्यांची ढब त्यांनी उचलली होती. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते मधलं दुकान. दुसऱ्यांदा, सावकाश सांगताना तिथले लोक शेवटचा ‘र’ आवर्जून उच्चारायला लागले. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरची भाषा माहीत असते आणि ती आपल्याला सहज येत नाही हेही माहीत असतं.

आपल्याकडे हेच काम ‘न’ आणि ‘ण’ करतात. मराठीच्या कितीतरी बोलींत ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ हेच नियमित उच्चार आहेत. त्यात चूक काहीच नाही, तो त्या बोलीचा नियम आहे. पण शाळेच्या वर्गात, मुलाखतीच्या खोलीत, लग्नाची बोलणी करताना एक ‘पानी’ पुरतं. समोरच्याने गाव, घर, बऱ्याचदा जातसुद्धा मनात लिहून टाकलेली असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये पाहण्या केल्या. लोकांना कुठलं संगीत आवडतं, कुठली चित्रं, जेवायला काय, घरात फर्निचर कसलं, असे साधे प्रश्न. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७९ मध्ये आला. त्याचं सार सांगायचं तर असं: आवड ही आपल्याला अगदी खासगी, आतून आलेली गोष्ट वाटते, पण घर, शाळा आणि पैसा मिळून ती घडवतात. मग त्या आवडीच्या आधारे आपण दुसऱ्यांना खाली-वर लावतो आणि तसं लावताना आपली स्वतःचीही जागा जाहीर करतो.

मराठीत हे समजायला पाहणीची गरज नाही, शब्दांच्या जोड्या पाहिल्या तरी पुरे. भाजी निवडून निवडून घेणाऱ्या बंगल्यातल्या बाई ‘चोखंदळ’ असतात. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी तेवढीच पारख केली तर “नखरे बघा हिचे”. साहेबांना गाड्यांचा ‘शौक’ असतो, ड्रायव्हरच्या मुलाला गाडीचा ‘नाद’ लागतो. एकाचा ‘छंद’, दुसऱ्याचं ‘खूळ’. कृती एकच, पण पैसा बदलला की शब्द बदलतो आणि शब्दाबरोबर त्या माणसाकडे बघण्याची नजरही.

पॉश, हायफाय आणि उंच भुवई

आता वरच्या वर्गासाठीचे शब्द घेऊ. यातला सगळ्यात रंजक मला ‘उच्चभ्रू’ वाटतो. भ्रू म्हणजे भुवई. हा शब्द इंग्रजीतल्या ‘हायब्राउ’वरून घडवलेला. तिकडे त्याचं मूळ अशा एका समजुतीत आहे जी आज पूर्ण खोटी ठरली आहे: डोक्याच्या कवटीच्या आकारावरून बुद्धी आणि स्वभाव ओळखता येतो, ही एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत गाजलेली कल्पना. कपाळ उंच असेल तर बुद्धी जास्त, ठेंगणं असेल तर कमी. या विचाराला वंशभेदाचाही मोठा आधार मिळाला होता. त्यातून बुद्धिमंतांच्या, अभिजात आवडीच्या माणसासाठी हायब्राउ आणि उथळ आवडीच्या माणसासाठी लोब्राउ हे शब्द आले. पुढे या दोघांच्या मधल्यांसाठी मिडलब्राउ.

इंग्रजीत ‘ब्राउ’ म्हणजे कपाळही आणि भुवईही. मूळ अर्थ उंच कपाळाचा. मराठीत आणताना ज्याने कुणी तो आणला त्याने भुवई निवडली. त्यामुळे चित्रच बदललं. उंच कपाळाचा विद्वान मागे पडला आणि भुवई वर करून दुसऱ्याकडे बघणारं माणूस समोर आलं. अर्थही सरकला. इंग्रजीत हायब्राउ माणूस खिशाने फाटका असू शकतो, त्याच्याकडे पुस्तकं आणि मतं असली की झालं. मराठी वर्तमानपत्रांत मात्र “शहरातील उच्चभ्रू वस्तीत घरफोडी” अशी बातमी येते. तिथे बुद्धीचा संबंध नाही. बंगले, रखवालदार आणि बंद फाटकं असली की वस्ती उच्चभ्रू. इंग्रजीतला आवडीचा शब्द मराठीत येऊन पैशाचा झाला, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण अभिरुची आणि ऐपत या दोन गोष्टी आपण किती सहज एक धरतो ते यातून दिसतं.

‘पॉश’ची गोष्ट तर थेट मुंबईच्या धक्क्यापर्यंत येते. तुम्ही ती ऐकली असेल: इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटींवर श्रीमंत साहेबलोक जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूच्या केबिन घेत, म्हणजे ऊन लागत नसे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापली जात, तीच पॉश. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि पी अँड ओ या बोट कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही. शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या अर्थाने दिसायला लागतो. त्याआधी इंग्रजी बोलीत ‘पॉश’ म्हणजे सुटे पैसे, नाणं असा एक अर्थ होता, आणि तो युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा असा एक तर्क आहे. रोमानी ही मराठीसारखीच आर्यभारती कुळातली भाषा. हा तर्क बरोबर असेल तर युरोपभर हाकलल्या गेलेल्या, तुच्छ मानल्या गेलेल्या लोकांच्या बोलीतून श्रीमंतीचा शब्द आला असं म्हणावं लागेल.

‘हायफाय’ तर मुळात माणसांसाठी नव्हताच. हाय फिडेलिटी, म्हणजे मूळ आवाजाशी जास्तीत जास्त प्रामाणिक राहणारं ध्वनियंत्र. १९५० च्या दशकात पाश्चात्य देशांत हा शब्द घरोघर पोचला. आपल्याकडे अशी यंत्रं फार थोड्यांच्या दिवाणखान्यात होती. म्हणून यंत्राचं नाव त्या दिवाणखान्यालाच चिकटलं. आज “फार हायफाय लोक आहेत ते” असं म्हणताना कुणाला ध्वनिमुद्रिका आठवत नाही.

पांढरे कपडे आणि धान्याचं एक मडकं

हे सगळे अलीकडचे शब्द. आपले जुने शब्द जास्त खोल आहेत आणि जास्त बोचरेही.

‘पांढरपेशा’ हा मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात आहे. इंग्रजीतला ‘व्हाइट कॉलर’ विसाव्या शतकातला, म्हणजे आपला शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. ज्याचे कपडे मातीने, घामाने मळत नाहीत अशा पेशाचा माणूस तो पांढरपेशा. आज आपण तो नोकरदार मध्यमवर्गासाठी वापरतो आणि त्यात जात दिसत नाही. पण जुन्या कोकणात पांढरपेशे म्हणजे मुख्यतः वरच्या जातींचे जमीनधारक, कुणब्यांहून वेगळा धरलेला गट, आणि महसुली व्यवस्थेत त्यांना शेतसाऱ्याचा दर कमी लागे. म्हणजे अंगावरच्या स्वच्छ कपड्याला सरकारदरबारी रोख किंमत होती. ज्याचे हात चिखलात, त्याने जास्त भरायचं. हा शब्द मी आता सहज वापरू शकत नाही.

‘शिष्ट’ची कथा याच्या उलट दिशेची. “फार शिष्ट आहे ती, कुणाशी बोलत नाही” असं आपण म्हणतो तेव्हा अर्थ असतो आढ्यतेखोर. पण शिष्टाचार, शिष्टमंडळ या शब्दांत तोच शिष्ट आदराने बसलाय. मूळ अर्थ शिकवलेला, वळण लागलेला. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कुणाची भाषा प्रमाण मानायची असा प्रश्न येतो, तेव्हा शिष्टांचं वर्णन केलंय: आर्यावर्तात राहणारे, ज्यांच्या घरात मडकंभरच धान्य आहे, जे लोभी नाहीत असे ब्राह्मण. जातीची अट तिथे उघड आहे. पण श्रीमंतीची अट नाही, उलट साठा नसणं हीच खूण आहे. त्या शिष्टापासून आजच्या नाक वर करून चालणाऱ्या शिष्टापर्यंत शब्द आला कसा? शिष्टपणाचा अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांनी तो ज्या नजरेने पाहिला ती नजर शब्दात उतरली, असं मला वाटतं. खालून पाहणाऱ्यांनीही भाषा घडवलेली असते, ती अशी.

संस्कृतात याच प्रकारची आणखी एक जोडी आहे, नागर आणि ग्राम्य. नागर म्हणजे नगरातला, म्हणून सफाईदार. ग्राम्य म्हणजे गावातला, म्हणून असभ्य. काव्यशास्त्रात ग्राम्यता हा चक्क दोष म्हणून सांगितलाय. आजही ‘ग्राम्य विनोद’ म्हटलं की आपल्याला अश्लील विनोद कळतो. बहुतेक महाराष्ट्र ज्या जागी राहत आला, त्या जागेचंच नाव शिवी झालं आणि आपण ते शाळेत शिकलो.

‘गर्भश्रीमंत’ आणि ‘नवश्रीमंत’ यांबद्दल थोडक्यात. गर्भातच श्रीमंत असलेल्याला शब्दाने मान दिला, कष्टाने नव्याने कमावणाऱ्याच्या शब्दात मात्र भपक्याचा वास ठेवला. जुन्या पैशाला नव्या पैशाची भीती वाटते. म्हणूनच ‘सोबर’ला एवढी किंमत येते. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोनं आहे त्याला ते अंगावर घालून सिद्ध करावं लागत नाही.

खाली ढकलणारे शब्द

मी मराठी माध्यमातून बारावी करून मुंबईतल्या एका इंग्रजी वळणाच्या कॉलेजात गेले. तिथे आमच्यासारख्यांना एक नाव होतं: ‘व्हर्नी’. व्हर्नाक्युलर माध्यमातून आलेले म्हणून व्हर्नी, कधी नुसतं ‘व्हर्नॅक’. पहिल्या सहामाहीत मी वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही. एकदा कॅन्टीनमध्ये मी ‘स्नॅक्स’चा उच्चार ‘स्नॅक्स्’ ऐवजी ‘स्न्याक्स’ असा केला आणि टेबलावरची एक मुलगी शेजारणीकडे बघून फक्त हसली. काही बोलली नाही. पुढचे कित्येक महिने मी काउंटरवर बोट दाखवून पदार्थ मागत होते.

या शब्दाचं मूळ मला फार नंतर कळलं. लॅटिनमध्ये ‘वेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचं, स्थानिक’ या अर्थाचं विशेषण बनलं आणि पुढे लोकांच्या बोलीभाषेला ते लागलं. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. आजही विम्याच्या फॉर्मवर मराठीत सही केली तर ‘व्हर्नाक्युलर डिक्लरेशन’चा वेगळा रकाना भरावा लागतो. महाराष्ट्रात राहून मराठीत सही करणाऱ्याने खुलासा द्यायचा. मला ते दर वेळी खुपतं.

‘घाटी’ हा दुसरा. घाटावरचा तो घाटी, मूळ शब्द भूगोलाचा. कोकणातल्या माणसाने सह्याद्रीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला दिलेला. मुंबईत गिरण्या आल्या, गोदी वाढली, घरकामाला, हमालीला सातारा-सांगली-पुणे भागातून माणसं आली आणि शब्दाचा अर्थ डोंगरावरून उतरून मजुरापर्यंत आला. मग इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईने तो सरसकट मराठी माणसासाठी शिवी म्हणून उचलला. गोव्यातही तो घाटापलीकडून पोटासाठी आलेल्यांसाठी तुच्छतेने वापरतात. मराठी माणसाला मुंबईत घाटी म्हटलेलं झोंबतं. तोच माणूस आणखी कुणा परराज्यातून आलेल्या मजुरासाठी दुसरा तसाच शब्द वापरतो, हेही आपण पाहतो.

आणि आता ‘छपरी’. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. रंगवलेले केस, झगमगीत शर्ट, मोटारसायकलवर रील करणारा मुलगा दिसला की तो आणि त्याचे मित्र म्हणतात, “छपरी आहे.” मी त्याला विचारलं, अगदी तसाच शर्ट घालून एखाद्या नटाने फोटो टाकला तर? तो म्हणाला, “मावशी, मग ती स्टाइल.” त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्याच उत्तरात सगळं आलं. मी त्याला सांगितलं की शब्दात छप्पर ऐकू येतं आणि छप्परबंद नावाची एक जमात महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. स्वस्त शर्ट घालणाऱ्या मुलाला नाव ठेवताना आपण त्या लोकांचं नाव चिखलात ओढतो की काय, एवढं तरी मनात यावं. आपल्याकडे वर्गाचा शब्द खरवडला की बहुतेक वेळा खाली जात निघते. ‘चांगल्या घरातली’, ‘संस्कारी’, ‘आपल्यातले’ हे गोड वाटणारे शब्दही याच कामाचे आहेत.

संडास, टॉयलेट, वॉशरूम

हे शब्द एका जागी का थांबत नाहीत, ते सगळ्यात छान दिसतं ते संडासाच्या शब्दात. आमच्या चाळीत सगळे संडासच म्हणत. ब्लॉकमध्ये राहायला गेलेले ‘टॉयलेट’ म्हणायला लागले. मग टॉयलेट सगळ्यांचं झालं, सरकारी पाट्यांवर आलं, तशी हॉटेलात जाणारी मंडळी ‘वॉशरूम’वर गेली.

इंग्लंडमध्ये या गोष्टीने १९५० च्या दशकात मोठी खळबळ उडवली होती. बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी १९५४ मध्ये फिनलंडच्या एका अभ्यासपत्रिकेत लेख लिहिला. इंग्लंडच्या वरच्या वर्गाचे शब्द त्यांनी ‘यू’ आणि बाकीच्यांचे ‘नॉन-यू’ अशा खुणांनी वेगळे केले. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड या उमराव घराण्यातल्या लेखिकेने ते एका मासिकातून सामान्य वाचकांपर्यंत नेलं आणि लोक आपापले शब्द तपासायला लागले. गंमतीचा भाग असा की शोभिवंत शब्द खालच्या बाजूला निघाले. उमराव साधं ‘नॅपकिन’ म्हणत, मध्यमवर्ग फ्रेंच वळणाचं ‘सर्व्हिएट’. उमरावांचे ‘खोटे दात’, मध्यमवर्गाचे ‘डेंचर्स’. आणि ‘टॉयलेट’ हा तिथे खालच्या खात्यातला शब्द, जो आमच्या चाळीला वरचा वाटत होता.

याचं कारण जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनबद्दल लिहिताना सांगितलं होतं. खालचा वर्ग वरच्याची नक्कल करतो. नक्कल पुरती झाली की वरच्याला वेगळं दिसण्यासाठी ती गोष्ट सोडावी लागते. मग नवी गोष्ट, पुन्हा नक्कल. झिमेल कपड्यांविषयी बोलत होते, पण शब्दांनाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

आपल्या घरातलं उदाहरण मम्मीचं. माझ्या आईच्या पिढीत आईला ‘मम्मी’ म्हणणं म्हणजे इंग्रजी शाळा, सोफा, फ्रिज. आम्ही शेजारच्या मुलांच्या मम्मीकडे कौतुकाने बघायचो. पुढे वाड्या-वस्त्यांत, खेडोपाडी मम्मी पोचली. आणि आता पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या, परदेशी जाऊन आलेल्या घरांत मुलं पुन्हा ‘आई’ आणि ‘बाबा’ म्हणतात, अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांनाही ते मुद्दाम शिकवलं जातं. मला त्याचा आनंदच आहे. फक्त ज्या बाईने गावात हौसेने मुलाला ‘मम्मी’ म्हणायला शिकवलं, तिला आपण हसू नये. ती जिना चढत होती.

परतीची वाट

काही शब्द खालून वर येतात. ‘गावठी’ बघा. माणूस गावठी असेल तर अडाणी. पण रविवारच्या बाजारात मावशी टोपलीवर हात ठेवून सांगतात, “गावठी हायेत ताई, बॉयलर न्हाईत,” आणि अंड्याचा भाव वाढतो. गावठी कोंबडी, गावठी तूप, गावठी लसूण, सगळंच महाग. वस्तूला लागला की दागिना आणि माणसाला लागला की डाग, असा हा एकच शब्द आहे.

ज्वारीचंही तसंच. ज्वारी-बाजरी-नाचणीला आपण भरड धान्य म्हणत आलो, भरड म्हणजे जाडंभरडं. गव्हाची पोळी ही सुधारलेल्या घराची खूण आणि भाकरी गरिबाची. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं आणि त्याच सुमारास ‘मिलेट’ हा शब्द आपल्या मेन्यूकार्डांवर स्थिरावला. माझी आजी मंगळवेढ्याची. तिथल्या मालदांडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. आजीच्या लहानपणी पाहुणा आला की भाकरी लपवून पोळ्या लाटल्या जात.

कोल्हापूरने ‘नाद’ उलटवला. घरच्यांनी “नाद सोड” म्हणून दम दिलेला शब्द त्यांनी ‘नाद खुळा’ करून कौतुकाचा केला. ‘रांगडा’ही तसाच मिरवला. ज्याला जो शब्द लागलाय त्यानेच तो उचलून छातीवर लावला तर त्याची धार जाते. बाहेरच्याला मात्र ते करता येत नाही.

आजीबद्दल आणखी एक. तिच्या ट्रंकेत एक इरकल आहे, काळपट हिरव्या अंगाचं, लाल पदराचं, पदरावर पांढऱ्या टोकदार नक्षीच्या रांगा. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या इळकलचं लुगडं. सोलापूरकडच्या कष्टकरी बायका ते रोजच्याला नेसत, धुवायला सोपं आणि वर्षानुवर्षं टिकणारं म्हणून. मध्यंतरी त्याला कुणी विचारत नव्हतं. आता तेच हँडलूम म्हणून प्रदर्शनात मांडलं जातं, चोळीच्या खणाच्या अख्ख्या साड्या निघतात. गेल्या वर्षी मी आजीकडून ते मागून घेतलं आणि ऑफिसच्या कार्यक्रमाला नेसून गेले. दोघीतिघींनी “किती क्लासी” म्हणून पदर हातात धरून पाहिला, एकीने दुकान विचारलं.

संध्याकाळी फोनवर आजीला सांगितलं. ती म्हणाली, “आगं, ते शेण काढाया नेसायचं लुगडं हाय.” मग थोडा वेळ गप्प राहिली आणि हळूच विचारलं, “पदराला खाली रफू केल्यालं हाय बग. कुणाला दिसलं न्हाई न्हवं?”